बुरशाला हळदीचं बोट

लोणच्यात हळद कशाला घालतात, हे लातूरच्या कुठल्याही गल्लीत कुठल्याही बाईला विचारा. बुरशी धरू नये म्हणून, असं ती हातातलं काम न थांबवता सांगेल. एवढी साधी गोष्ट त्याच लातुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, नावाआधी डॉक्टर लावणाऱ्या सात माणसांना ठाऊक नव्हती. किंवा ठाऊक होती आणि सातही जण गप्प बसले. दुसरंच खरं असणार. गप्प बसायचं शिक्षण आपल्याकडे पहिलीपासून मिळतं, त्यासाठी डॉक्टर व्हावं लागत नाही.

गप्प बसली नाही ती एकटी दिपाली. तिचंही तोंड शेवटी बंद झालं, आणि तेही तिच्याच हातानं. त्याची ही गोष्ट.

दिपाली त्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होती. करार अकरा महिन्यांचा, मग एक दिवस घरी बसायचं आणि पुन्हा नव्या कागदावर सही. कंधारजवळच्या एका खेड्यातली, बौद्ध घरातली पोरगी. नांदेडला राहून सूक्ष्मजीवशास्त्रात एम. एस्सी. केलेली. इलेक्ट्रॉनिक्सच्या विभागात हिचं काय काम, असं कॉलेजात नवा आलेला प्रत्येक माणूस एकदा तरी विचारायचा. तिचं काम बुरशाकडे होतं.

बुरशा म्हणजे रोबोट. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं, पण शिपायांनी त्याला बुरशा म्हटलं आणि तेच चिकटलं. चार पायांचा, घमेल्याएवढा, आणि पाठीवर काचेच्या झाकणाची पेटी. त्या पेटीत पांढरी, जिवंत बुरशी पसरलेली असायची. लांबून बघणाऱ्याला आत कापूस भरलाय असं वाटायचं. बुरशीच्या धाग्यांतून फार बारीक विजेचे ठोके सतत जात असतात. पेटीच्या तळाशी केसाएवढ्या तारा होत्या, बुरशी वाढता वाढता त्या तारांना मिठी मारून बसली होती. तिचे ठोके तारांत उतरायचे, तारांतून सर्किटात आणि सर्किटातून पायांत. निळा दिवा दाखवला की बुरशीला तो सहन व्हायचा नाही, ठोके वाढायचे आणि बुरशा दिव्यापासून दूर पाय टाकायचा. म्हणजे त्याला चालवणारा माणूस नव्हता, त्याला बुरशीच चालवत होती. पुढेमागे त्याला शेतात सोडायचं, मातीत काय बिघडलंय ते बुरशीला आधी कळेल आणि तुरीवर मर रोग दिसायच्या आत शेतकऱ्याला निरोप मिळेल, असा बेत होता.

आता ही बुरशी काही दुकानात मिळालेली नव्हती. एम. एस्सी.ला असताना दिपाली मैत्रिणींबरोबर इस्लापूरला, सहस्रकुंडाचा धबधबा बघायला गेली होती. बाकीच्या धबधब्यासमोर फोटो काढत होत्या आणि ही बाई रानात एका पडलेल्या मोहाच्या खोडावर उगवलेली ढिंगरी अळिंबी निरखत बसली होती. रुमालात गुंडाळून तिनं ती आणली, नळीत वाढवली, आणि तीन वर्षं पोटच्या पोरासारखी जपली. लातूरचा उन्हाळा, विजेचा लपंडाव, एसी बंद. अशा वेळी ही पेटीभोवती ओलं गोणपाट गुंडाळायची आणि माठाशेजारी ठेवून द्यायची. परदेशातल्या चांगल्या चांगल्या जाती या विभागानं आणून पाहिल्या होत्या, त्या एप्रिल बघून मान टाकत. ही इस्लापूरची रानटी मात्र टिकली.

विभागप्रमुख होते डॉ. शिवकुमार. उदगीरच्या कापडवाल्या घराण्यातले, मऊ बोलणारे, गळ्यातलं इष्टलिंग शर्टाच्या आत जपणारे. सर चांगले होते. या गोष्टीत वाईट माणूस शोधायला जाल तर हाती लागणार नाही, अडचण तीच आहे. बुरशीची कल्पना सरांची, सर्किट सरांचं, पण बुरशीतलं आपल्याला कळत नाही हे ते चारचौघांत कबूल करायचे. आणि त्यांनी दिपालीला शब्द दिला होता. दिवाळीआधी दिल्लीहून तीन तज्ज्ञ बघायला येणार, त्यांनी मान डोलावली की प्रकल्पाला पुढची तीन वर्षं मिळणार, आणि त्या तीन वर्षांत दिपालीचं नाव सहायक म्हणून नाही, संशोधक म्हणून लागणार. पीएच. डी.ची नोंदणी त्यातच. शोधनिबंधावर दुसरं नाव तिचं.

दिपालीला दुसरं काही नको होतं. गावाकडे तिची माय भामाबाई, जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपं धरलेली बाई, आख्ख्या वस्तीला सांगून मोकळी झाली होती, की माझी पोरगी शास्त्रज्ञ होऊन राहिली. त्या शब्दाला कागदाचा आधार मिळायचा तेवढा बाकी होता.

मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी कॉलेजात लोखंडाच्या प्रत्येक वस्तूची पूजा व्हायची. लेथ मशीनला हार, बसच्या चाकाखाली लिंबू, जनरेटरला नारळ, कॉम्प्युटरच्या पडद्याला कुंकू. हजेरीच्या यंत्रालाही कुणीतरी भक्तिभावानं कुंकू लावलं, तेव्हापासून दोन दिवस ते कुणाचंच बोट ओळखत नव्हतं. दिपालीला या सगळ्याचं काही वावडं नव्हतं. ती स्वतः पूजा करत नसे, पण दुसऱ्याच्या पूजेत पेढा खाल्ल्यानं आपला धम्म बुडत नाही, एवढं तिला कळत होतं.

तरी आदल्या दिवशी ती सरांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, उद्या हार घाला, नारळ फोडा, काय पाहिजे ते करा. फक्त पेटीचं झाकण उघडू देऊ नका. हळद बुरशीला चालत नाही. आणि बाजारची हळद, फुलं, पाणी, या सगळ्यात दुसऱ्या बुरश्या असतात. ती हिरवी एकदा आत शिरली ना, की पांढरीला खाऊन टाकते."

"अगं, मला कळत नाही का?" सर हसले. "टेबलावर एक फूल ठेवू, झालं. तू निर्धास्त राहा."

ती निर्धास्त राहिली. चुकलं ते इथं.

दुसऱ्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष चन्नबसप्पा अण्णा पूजेला आले. सत्तरीचे, पांढरं धोतर, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. मोंढ्यात आडत दुकानापासून सुरुवात करून त्यांनी दोन शाळा आणि हे कॉलेज उभं केलं होतं, आणि कॉलेजातल्या पोरांची नावंही त्यांना पाठ असत. बरोबर पूजा सांगायला एक स्वामी आणि मागे सगळे प्राध्यापक. सगळी यंत्रं पुजून वरात बुरशापाशी आली. सरांनी टेबलावर झेंडूचं फूल आधीच मांडून ठेवलं होतं. अण्णांनी ते पाहिलं, बुरशाभोवती एक फेरी मारली आणि विचारलं,

"याचा जीव कुठं हाय?"

"आत, अण्णा. पेटीत. जिवंत आहे ते," सर म्हणाले.

"मग वरच्या पत्र्याला फूल दाखवून काय उपयोग? गाडीची पूजा करताना बोनेट उघडतो का न्हाई आपण? इंजिनाला टिळा लावतो का न्हाई? उघडा ते."

सर काही बोलले नाहीत. बाकीचे सहा डॉक्टरही बोलले नाहीत. दिपाली मागे उभी होती, ती पुढे आली. एरवी कॉलेजात ती पुस्तकी बोलायची, पण घाईत गावची बोली तोंडात आली.

"अण्णा, हळद नका लावू. मरंल ते."

सणाचा दिवस, स्वामींच्या हातात ताट, आणि ही पोरगी म्हणते मरंल. मागे कुणीतरी जिभेनं चुकचुकलं. अण्णा मात्र चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं, दोन शब्द तरी झाले असते. ते प्रेमानं हसले, आजोबा नातीला समजावतात तसं.

"बाळ, तुमच्यात चालत नसंल. तुमचं तुमच्यापाशी, मी कधी त्याला नाव ठेवलं न्हाई. आमच्यात चालतंय."

दिपालीची कानशिलं तापली. "मी माझ्या धर्माचं नाही सांगून राहिले अण्णा, बुरशीचं सांगून राहिले," ती म्हणाली. पण तोवर आजूबाजूला सगळ्यांचे चेहरे समजूतदार झाले होते. तिनं काय सांगितलं ते कुणी ऐकलंच नव्हतं, ते सांगणारी कोण हे सगळ्यांना नीट ऐकू आलं होतं. लोणच्याच्या बरणीचं शास्त्र तिच्या तोंडून निघालं आणि तिची जात होऊन जमिनीवर पडलं. तिनं सरांकडे पाहिलं. लिंगायत घरातला माणूस, अण्णांचा लाडका, त्यानं एक वाक्य म्हटलं असतं तर पुरे होतं. तेच वाक्य, त्याच्या तोंडून, शास्त्र म्हणून ऐकलं गेलं असतं.

सरांनी खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला आणि झाकणाचे चार स्क्रू स्वतःच्या हातानं खोलले.

अण्णांनी हळदीचं बोट लावलं. मग कुंकू. स्वामींनी भस्माचे तीन पट्टे ओढले, तांब्यातलं पाणी शिंपडलं आणि झेंडूच्या चार पाकळ्या वाहिल्या. फोटो निघाले. पेढे वाटले. दिपालीलाही दिला, तिनं तो हातातच धरून ठेवला. सगळे गेल्यावर तिनं चिमट्यानं पाकळ्या काढल्या, जमेल तेवढी हळद पुसली, झाकण लावलं. भिजलेल्या बुरशीवरून हळद पुसून काढणं म्हणजे सांडलेलं दूध मातीतून भरून घेणं.

दुसऱ्या दिवशी दसरा. ती पहाटेच्या एसटीनं गावी गेली, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला. पांढरी साडी नेसून विहारात वंदनेला बसली, पण तिचं मन पेटीत होतं. घरी आल्यावर तिनं मायला सगळं सांगितलं. घरामागं भामाबाईची पत्र्याची शेड होती. सोयाबीनचं भुस्कट उकळून, पिशव्यांत भरून, ती लेकीकडून शिकून त्याच इस्लापूरच्या ढिंगरीची लागवड करायची आणि कंधारच्या बाजारात विकायची.

"हळद?" भामाबाईनं कपाळावर हात मारला. "आगं, मी भाजी फोडणीला टाकली तर साबणानं हात धुतल्याबिगर शेडात पाय ठेवत न्हाई. मी अंगठेबहाद्दर बाई. तुझ्या सायबाला इतकंबी कळंना?"

"कळतंय माय. त्यांना सगळं कळतंय."

"मग?"



परत आली तेव्हा पाकळ्या पडल्या होत्या त्या जागी हिरवा डाग दिसत होता. तिनं तेवढा भाग कापला. दुसऱ्या दिवशी तीन डाग. चौथ्या दिवशी पांढरं कुठे आहे ते शोधावं लागत होतं. पडद्यावर जिथे रात्रंदिवस ठोक्यांची वेडीवाकडी रेघ धावायची, तिथे रेघ हळूहळू बसत गेली आणि एका दुपारी, तिच्या डोळ्यांदेखत, सरळ झाली. फ्रीजमध्ये दोन राखीव नळ्या होत्या. पण खंडेनवमीला पेढ्यांच्या खोक्यांना जागा हवी म्हणून कुणीतरी त्या खिडकीत काढून ठेवल्या होत्या, त्या उन्हानं वाळून गेल्या होत्या. कुणी काढल्या, ते विचारल्यावर कुणालाच आठवेना. दिपाली खुर्चीवर बसून रडली. बुरशीसाठी रडणारी बाई लातुरात तरी ती पहिलीच असेल, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही.

तज्ज्ञ यायला नऊ दिवस उरले होते.

ती पुन्हा गावी गेली आणि मायच्या शेडातली एक पिशवी मांडीवर घेऊन कंधार ते अहमदपूर, अहमदपूर ते लातूर अशी बसनं आली. शेजारच्या बाईनं विचारलं, "ल्येकरू हाय का?" दिपाली म्हणाली, "तसंच समजा." लातुरात येऊन तिनं नव्या पेटीत बुरशी लावली. पण बुरशी कुणाच्या अध्यक्षतेखाली वाढत नसते. तारांना धरून ठोके द्यायला तिला अठरा दिवस लागणार होते. नऊ दिवसांत फार तर पांढरी साय दिसली असती.

"तारीख पुढे ढकला सर," ती म्हणाली.

"विचारलं. तारीख दिल्लीची आहे, हलत नाही."

"मग अण्णांना खरं सांगा."

"काय सांगू? तुमच्या हळदीनं मेलं म्हणून?"

"हो. तेच सांगा."

सरांनी चष्मा काढून पुसला. "दिपाली, त्यांना हळद ऐकूच येणार नाही. त्या दिवशी भर पूजेत तू मरेल म्हणालीस, तेवढंच सगळ्यांना आठवेल. लोक म्हणतील, हिच्याच जिभेला काही आहे. मी तुझ्यासाठीच सांगतोय."

तुझ्यासाठीच, हा शब्द मोठा सोयीचा. तो वापरला की बोलणाऱ्याची भीती ऐकणाऱ्याच्या पदरात पडते.

मग सरांनी मार्ग सांगितला. तीन वर्षांचे ठोके कॉम्प्युटरात नोंदलेले होते. त्यातला एक चांगला दिवस निवडायचा. तज्ज्ञांनी निळा दिवा लावला की लॅपटॉपचं एक बटण दाबायचं, तो नोंदलेला ठोका सर्किटात जाईल, बुरशा चालेल. "खोटं काय आहे त्यात? तुझ्याच बुरशीचे ठोके आहेत. तूच नोंदलेत."

दिपालीनं एक दिवस मागून घेतला. तो दिवस तिनं स्वतःला समजावण्यात घालवला. नऊ दिवसांनी बटण दाबायचं, अठराव्या दिवशी जिवंत पेटी तयार होईल, ती गुपचूप बसवून टाकायची. मधल्या नऊ दिवसांचंच तेवढं खोटं, नंतर सगळं खरं. माणूस पहिलं खोटं बोलताना असाच हिशेब करतो आणि तो कधीच जुळत नाही, हे सत्ताविसाव्या वर्षी तिला कोण सांगणार? मायला विचारलं असतं तर मायनं सांगितलं असतं. म्हणूनच तिनं मायला फोन केला नाही.

"बरं सर," ती म्हणाली.

"पण आत ते काळंहिरवं दिसतंय, त्याचं काय करायचं?" सरांनी विचारलं.

याचं उत्तर दिपालीनं दिलं, आणि ते आपण दिलं याचा राग तिला पुढे कायम राहिला.

"कापूस," ती म्हणाली.

तिनं पेटी साबणानं घासून धुतली. दुकानातून कापसाचं बंडल आणलं, ओल्या बोटांनी त्याचे धागे विंचरले, तारांवरून कसे पसरायचे, कडेला कसे विरळ करायचे, ते तिच्याशिवाय कुणालाच जमलं नसतं. तीन वर्षं रोज डोळे लावून बघितलेली गोष्ट ती हातानं रचत होती. झालं तेव्हा सर वाकून बघत म्हणाले, "अगदी तशीच." ती कौतुकाची थाप होती, आणि ती तिला चपराक लागली.

तज्ज्ञ आले. त्यांनी पादत्राणं काढली, हात धुतले. झाकण उघडायला सक्त मनाई, असा मोठा फलक दारावर लावला होता, संसर्ग होऊ नये म्हणून. दिपाली तीन वर्षं हाच नियम मागत होती. तो पाळला गेला त्या दिवशी आत कापूस होता.

अण्णा पहिल्या खुर्चीत बसले होते. दिपाली लॅपटॉपशी. निळा दिवा लागला, तिनं बटण दाबलं, बुरशानं चार पावलं टाकली. पुन्हा दिवा, पुन्हा बटण, पुन्हा चार पावलं. मुख्य तज्ज्ञ एक जाड भिंगाच्या बाई होत्या. त्यांनी पाच वेळा दिवा लावून पाहिला आणि पाचही वेळा बुरशा तितकाच चालला. जिवंत बुरशी असं कधीच करत नाही. ती कधी तीन पावलं टाकते, कधी रुसून बसते, सकाळची वेगळी असते आणि दुपारची वेगळी. दिपालीच्या मनात आलं, आता या बाई विचारतील. एकदा विचारा बाई, तिला वाटलं, एकदा विचारून टाका, मी सगळं सांगते.

बाई खूश होत्या. "परदेशात हे प्रयोग मी पाहिलेत," त्या म्हणाल्या, "तिथे फार चढउतार असतात. इतकी शिस्त मी कुठेच पाहिली नाही."

टाळ्या पडल्या. अण्णा उठून उभे राहिले. त्यांनी तज्ज्ञांना खंडेनवमीची गोष्ट सांगितली, आपल्या हातानं याला हळद लावली ते सांगितलं, विज्ञान आणि श्रद्धा कसे एकाच घरात नांदतात ते सांगितलं. मग त्यांची नजर दिपालीवर गेली आणि चेहरा मायेनं फुलला.

"ही आमची पोरगी त्या दिवशी लई भ्यायली होती. म्हणे, हळदीनं मरंल. काय गं बाळ? मेलं का?"

सगळे हसले. चांगलं, घरगुती हसणं होतं ते, कुणाच्या मनात वाईट नव्हतं. सर हसले नाहीत, ते तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत विनवणी होती. दिपालीचं बोट अजून बटणावर होतं. पुढची तीन वर्षं, संशोधक हा शब्द, वस्तीत सांगून बसलेली माय, सगळं त्या बोटाखाली होतं. खरं तिला आणि सरांनाच ठाऊक होतं आणि ते खरं तिनंच धुऊन, पुसून, त्या जागी कापूस विंचरून ठेवला होता.

"न्हाई अण्णा," ती म्हणाली. "जिवंत हाय."

"बघा!" अण्णा म्हणाले.

अठराव्या दिवशी नवी पेटी तयार झाली. पडद्यावर ठोक्यांची वेडीवाकडी रेघ पुन्हा धावू लागली. तिला बघून दिपालीचा ऊर भरून आला. ती पेटी दोन्ही हातांनी धरून सरांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, झाली. आज बसवून टाकू. कापूस काढून टाकते मी."

सरांनी तिला बसायला सांगितलं. बसायला सांगितलं तेव्हाच तिला कळायला हवं होतं. मंजुरीचं पत्र आलं होतं. तज्ज्ञांना सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर ती शिस्त, असं त्यात लिहिलं होतं. पुढच्या तीन वर्षांत अशीच शिस्त हवी.

"ही जिवंत बसवली," सर हळू आवाजात म्हणाले, "आणि तशी चालली नाही, तर ते विचारतील, तेव्हा कशी चालली? काय उत्तर देणार? तू देणार?"

दिपालीनं पेटी मांडीवर घट्ट धरली.

"त्यापेक्षा नोंदलेले ठोकेच ठेवू. काम झकास चालतंय. उन्हाळ्याची भीती नाही, वीज गेली तरी काळजी नाही."

"मग बुरशी?"

"बुरशीची आता..." सरांनी वाक्य पुरं केलं नाही. टेबलावरचा दुसरा कागद त्यांनी तिच्याकडे सरकवला. प्रकल्पात संशोधकाची एक जागा होती, ती इलेक्ट्रॉनिक्सची. बुरशीच नाही म्हटल्यावर बुरशीच्या माणसाची जागा कशी असेल? तिचा अकरा महिन्यांचा करार महिनाअखेर संपत होता. "मी अण्णांशी बोलून बघतो," सर म्हणाले. "शाळेत कुठे काही..."

ती तक्रार कुणाकडे करणार होती? पहिलाच प्रश्न आला असता, बटण कुणी दाबलं? दुसरा आला असता, कापूस कुणी लावला? आणि तिसरा, भरसभेत जिवंत हाय असं कोण म्हणालं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा, आणि तोंड दाबणारा हातही तिचाच.

"सर, त्या दिवशी तुम्ही एक वाक्य बोलला असता," ती म्हणाली.

"हो," सर म्हणाले. त्यांनी नाकारलं नाही. म्हणून तर म्हटलं, सर चांगले होते.

महिनाअखेरीला ती पेटी घेऊन गावी आली. तारा कापून काढल्या आणि बुरशी मायच्या शेडात टांगून दिली. तारा सुटल्या, मोकळी हवा लागली, आठ दिवसांत तिला ढिंगरीचे पांढरे गुच्छ फुटले. पेटीत तिला कुणी उगवू दिलंच नव्हतं. भामाबाईनं ते खुडले, कांदा चिरला, चुलीवर तवा ठेवला. तेल तापलं तसं तिनं हळदीचा डबा घेतला आणि लेकीकडे बघून थबकली.

"घालू का?"

दिपालीनं डबा मायच्या हातातून घेतला आणि स्वतःच्या बोटानं चिमूटभर हळद तेलात टाकली. दोघी भाकरी घेऊन तिथेच बसल्या. दोन घास खाऊन झाल्यावर भामाबाईनं विचारलं, "तिकडं तुमचा तो बुरशा कसा काय चालून राहिलाय आता?"

"झकास," दिपाली म्हणाली. "आता त्याला कायबी लावा, काय होत न्हाई."